धुरपामायची सव्वा मूठ

आमच्या गल्लीत अजूनही कुणी नवीन माणूस राहायला आला की आठ दिवसांत त्याच्या कानावर ती भानगड जाते, आणि मग गहू दळायचं निमित्त करून तो माझ्या चक्कीवर येऊन उभा राहतो. गहू पायलीभरसुद्धा नसतात, डोळे मात्र माझ्या तोंडाकडे. मला लगेच कळतं. मी चक्की जोरात सोडतो, पण तो हटत नाही. "सुभाषभाऊ, तुम्ही इथले जुने. खरं सांगा, त्यानं केलं होतं का हो?"

मागच्या उन्हाळ्यात तर दोन पोरं मोबाईलला काठी लावून आली. त्यांना म्हणे सुरतमधल्या न उलगडलेल्या खुनांची मालिका करायची होती. आधी मला म्हणाली, चक्की बंद करा, आवाज येतो. मी म्हटलं, चक्की आहे बाबांनो, देऊळ नाही, आवाज येणारच. मग म्हणाली, तुमचं मत सांगा. मी सांगितलं की माझं मत दिवसातून दोनदा बदलतं, सकाळचं पाहिजे की संध्याकाळचं? काठी घडी करून गेली बिचारी.

मी सगळ्यांना एकच सांगतो. खुनाचं मला काही माहीत नाही. मला धुरपामाय माहीत होती. हे ऐकून लोकांचा हिरमोड होतो, कारण धुरपामाय म्हणजे ज्याचा खून झाला त्याची आई आणि ज्याच्यावर खटला चालला त्याचीही आई, आणि लोकांना आईपेक्षा खुन्यात जास्त रस असतो. मला उलटं वाटतं. खून काय, एकदा होतो आणि संपतो. धुरपामाय दर आठवड्याला यायची.

तिचं खरं नाव द्रौपदाबाई. आमच्या खानदेशात द्रौपदीची धुरपा व्हायला वेळ लागत नाही. शिंदखेड्याकडून नवऱ्यामागं सुरतेला आली, नवरा पांडेसऱ्यातल्या एका डाइंगमध्ये होता, तो लवकर गेला. दोन पोरं हिनं वाढवली. थोरला सुदाम, धाकटा भाऊलाल. हाडानं काटक, आवाजानं दणदणीत, आणि सगळा जन्म सुरतेत जाऊनही बोलणं अस्सल अहिराणी. गुजराती दुकानदार तिच्याशी अहिराणीत भाव करायला शिकले, ती गुजराती शिकली नाही. म्हणायची, गरज त्यांना आहे.

चक्कीवर तिची एक पद्धत होती. डबा माझ्या हातात द्यायचा, मग कोपऱ्यातला रिकामा तेलाचा डबा उपडा घालून त्यावर बसायचं आणि दळण पूर्ण होईपर्यंत पिठाच्या धारेवरची नजर काढायची नाही. पहिल्या पहिल्यांदा मला राग यायचा. एकदा म्हटलं, "माय, मी काय चोर आहे का?" तर म्हणाली, "तुन्हावर भरोसा शे. पन मी बठसू." भरवसा आहे, पण मी बसणार. पुढं मला त्याची सवय झाली. ती आली नाही तर मलाच चुकल्यासारखं व्हायचं, आणि खरं सांगायचं तर तिच्या दळणात माझ्याकडून कधी चिमूटभर पीठसुद्धा इकडचं तिकडं झालं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे, बाई खोटं फार सुंदर बोलायची. वय विचारलं तर समोरच्याच्या वयापेक्षा पाच कमी सांगायची, मग समोर वीस वर्षांची सून का असेना. रिक्षावाल्याला म्हणायची, "मी तुन्हा गावनी शे," आणि तो बिचारा बिहारचा असायचा. भाजीवालीला सांगायची, पलीकडची निम्म्यानं देते. पलीकडे कुणी नसायचंच. मी एकदा म्हटलं, माय, किती खोटं बोलतेस! ती शांतपणे म्हणाली की माणसं तिच्याशी खोटं बोलतात, ती माणसांशी खोटं बोलते, त्यात कुणाचं काय बिघडतं? पण देवाशी ती भलतीच जपून असे. नवस कधी बोलली नाही. सगळ्या गल्लीच्या बायका ऊठसूट नवस बोलायच्या, ही हात जोडायची आणि गप्प. "देवसंगे बोलनं म्हंजे खरं बोलनं पडस," म्हणायची. "इतलं खरं मन्हापान कोठे शे?"

आता ती भानगड. थोडक्यात सांगतो, कारण लांबण लावली तर काठीवाल्या पोरांत आणि माझ्यात फरक राहणार नाही.

सुदाम, त्याची बायको मंगल आणि त्यांची पोरगी पिंकी पुढच्या घरात राहायचे. मागच्या खोलीत धुरपामाय आणि भाऊलाल. भाऊलालचं लग्न झालेलं नव्हतं, पांडेसऱ्यातच एका मिलमध्ये रंग कालवायच्या खात्यात होता. सुदामला मागची खोली पाडून वर माडी चढवायची होती, आणि त्यासाठी भावानं दुसरीकडे जागा बघावी असं त्याचं म्हणणं होतं. यावरून दोघांचं जे काही व्हायचं ते सगळ्या गल्लीला ऐकू जायचं, कारण आमच्याकडे भिंती नावापुरत्या असतात. एका सकाळी सुदाम आणि मंगल घरात मारलेले सापडले. डोक्यात काहीतरी जड घातलेलं. कडी तुटलेली नव्हती, घरातलं काही गेलेलं नव्हतं. पिंकी तेव्हा पहिलीत होती आणि नशिबानं आजीच्या कुशीत झोपली होती.

सुदामचा श्वास चालू आहे असं कुणाला तरी वाटलं, म्हणून लोकांनी दोघांना टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. श्वासबिस काही चालू नव्हता. पण घर रिकामं झालं, आणि इथंच आमच्या लोकांनी ती गोष्ट केली जी जगात दुसऱ्या कुणी केली नसती. मंगलचं माहेर बारडोलीचं. भाऊ तिथं साखर कारखान्यात. निरोप गेला होता, ती माणसं निघाली होती. मेलेल्याच्या दारावर माणसं येणार, आणि घराची ही दशा! पोलीस पोचायच्या आत भाऊबंदकीतल्या चार बायकांनी पदर खोचून घर धुऊन काढलं. भिंती, फरशी, उंबरा. वरून फिनेल. इन्स्पेक्टर आत शिरला तो घसरलाच. उठून त्यानं वास घेतला आणि कुणाला तरी आईवरून शिवी दिली. कुणाला, ते कळलं नाही, कारण समोर चार बायका हात पुसत उभ्या होत्या.

"कुणी सांगितलं धुवायला?" तो ओरडला.

"मी," धुरपामाय म्हणाली. "पाहुणा येतीन. असं घर दखाडतस का?"

बस, इथून पुढं आमची गल्ली दोन तुकड्यांत फाटली ती फाटलीच. निम्मे म्हणायचे, बाई रीतीची, दुःखातही रीत सुटली नाही. निम्मे म्हणायचे, कसली रीत, तिनं पोराचं पाप धुतलं. पहिली बादली तिनंच ओतली, हे दोन्ही बाजूंना मान्य होतं. मी तेव्हा तिथं होतो. बादली ओतताना तिच्या तोंडाकडे पाहिलं होतं का, असं मला कितीतरी जणांनी विचारलंय. पाहिलं होतं. काही दिसलं नाही. दुसऱ्याच्या मौतीला गल्लीत सगळ्यात मोठ्यानं रडणारी ती बाई, मेलेल्याचे गुण गात गात असं रडायची की गेलेल्या माणसाला स्वतःलाच पटावं आपण एवढे चांगले होतो. पोटच्या पोराला मात्र रडली नाही. बादली भरून आणत होती.

भाऊलालला तिसऱ्या दिवशी उचललं. लाजपोरच्या तुरुंगात राहिला. खटला उभा राहायलाच वर्षं गेली, आणि तेवढी वर्षं धुरपामायनं पिंकीला शाळेत घातलं, वेण्या घातल्या, आणि महिन्याच्या महिन्याला भाकरी बांधून पोराला भेटून आली. बापाला मारल्याचा आळ ज्याच्यावर, त्याला भेटायला जाताना त्याच पोरीला शेजारी सोडून जायची. पोरगी विचारायची, आजी कुठं गेली? आम्ही म्हणायचो, बाजारात. सगळी गल्ली एकदम खोटं बोलायला शिकली होती.

खटल्याच्या दिवशी मी चक्की बंद ठेवून गेलो. आमच्याकडचे निम्मे लोक गेले होते, कोर्टात जत्रा भरली होती. सरकारी वकिलानं सगळ्यात आधी काय काढला, तर भाऊलालचा शर्ट. लाल डाग पडलेला. बचावाचा वकील तरुण होता, पण पांडेसऱ्यात वाढलेला. तो उठला आणि म्हणाला की साहेब, हा माणूस रंग कालवतो, पांडेसऱ्यात ज्याच्या शर्टावर लाल डाग नाही असा कामगार दाखवा, त्याला आपण बक्षीस देऊ. न्यायाधीश हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा पुसला. तपासणीच्या अहवालात म्हणे रंगही होता आणि रक्तही होतं, पण रक्त कुणाचं ते सांगण्याइतकं नव्हतं. ज्या दोघांच्या समोर शर्ट जप्त केला, त्यांनी शर्ट कधी पाहिलाच नाही असं सांगितलं. शेजारच्या ज्या माणसानं भाऊलालला मागच्या दारातून निघताना पाहिलं होतं, तो गावाकडे गेला तो तिकडेच राहिला.

राहिली धुरपामाय. पोलिसांकडे तिचा जबाब होता की रात्री भाऊलाल बाहेर गेला, उशिरा आला आणि तिनंच उठून कडी काढली. सगळा खटला त्या कडीवर लटकला होता. ती पिंजऱ्यात उभी राहिली, खरं बोलेन म्हणून शपथ घेतली, आणि म्हणाली, "घरमा व्हता. मन्हा जोडे जेवना नि झोपना."

वकील म्हणाला, तुम्ही पोलिसांना वेगळं सांगितलंत. ती म्हणाली, पोलिसांनी काय लिहिलं ते पोलिसांना विचारा, मला वाचता येत नाही. ती पोथी वाचायची, हे आमच्यातल्या सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांनी छताकडे पाहिलं. मग वकिलानं चिडून विचारलं, मध्येच उठून तो बाहेर गेला नाही हे कशावरून?

"मी झोपेल व्हतू, ते माले कसं कळी?" ती म्हणाली. "नि मी जागी व्हतू, तवय तो झोपेल व्हता."

कारकुनानं हे गुजरातीत सांगितलं तेव्हा न्यायाधीशांनी ते पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्यांदाही ते तेवढंच निघालं. सरकारी वकिलानं तिला फितूर म्हणून जाहीर केलं. ती पिंजऱ्यातून उतरली आणि मला विचारलं, "फितूर म्हंजे काय?" मी म्हटलं, उलटलेली. ती म्हणाली, "मी कोठे उलटनू? मी त अठेच उभी शे."

भाऊलाल सुटला. शंकेचा फायदा देऊन निर्दोष. वर अपील होणार असं महिनाभर ऐकत होतो, झालं की नाही देव जाणे. पेपरात दोन दिवस गदारोळ झाला, टीव्हीवर कुणी कुणी तावातावानं बोललं की मग मारलं कुणी? या प्रश्नाला उत्तर कुणाकडेच नव्हतं आणि नंतर प्रश्नही राहिला नाही. दुसरे खून झाले.

भाऊलाल सुटून आला त्या दिवशी पिंकीचा मामा बारडोलीहून आला आणि पिंकीला घेऊन गेला. पोरगी तेव्हा आठवीत होती. तिला सगळं कळत होतं. जाताना आजीच्या पाया पडली, काकाकडे बघितलंसुद्धा नाही. धुरपामायनं तिची पिशवी स्वतः रिक्षात ठेवली. रिक्षा वळेपर्यंत उभी राहिली आणि मग आत जाऊन पोराला म्हणाली, हातपाय धू, जेवायला वाढते.

गल्लीनं दारं लावून घेतली. कुणी बोलेना, कुणी बोलावेना. तर दुसऱ्या दिवशी धुरपामाय वाटी घेऊन घरोघर निघाली. विरजण मागायला! आता हिच्या घरात दह्याचं गाडगं कधी रिकामं नसायचं, हे मला माहीत, सगळ्यांना माहीत. पण कुणी विरजण मागायला आलं तर आमच्याकडे नाही म्हणत नाहीत. वैऱ्यालासुद्धा देतात. तिनं एकेका दारात उभं राहून मागितलं, "विरजन दी?" आणि एकेक बाई निमूटपणे चमचाभर दही वाटीत घालत गेली. जिनं दार उघडलं नाही तिच्या दारात ही तशीच बसून राहिली, ती बाहेर येईपर्यंत. संध्याकाळी वाटी शिगोशीग भरली होती. माझ्या चक्कीपाशी आली आणि ती वाटी गटारात ओतून म्हणाली, "चाल. आते कोणी बोलाले नही म्हनाव नही." आता बोलायला कुणी नाही म्हणणार नाही. पटलं मला. त्या दिवसापासून बायका बोलायला लागल्या. भाऊलालशी नाही, तिच्याशी.

भाऊलालबद्दल सांगण्यासारखं फार नाही. मिलनं परत घेतलं नाही, मग इच्छापोरला ठेकेदाराकडे लागला. पहाटे जायचा, अंधार पडता यायचा. मान खाली. "मी केलं नाही" असं त्याच्या तोंडून मी तरी कधी ऐकलं नाही, आणि "केलं" असंही नाही. त्याच्याविरुद्ध कुणी बोललं की धुरपामाय अंगावर जायची. "कोर्टनी सोडं ना? तू कोर्टथून मोठा शे का?" एकदा किराणावाला काही पुटपुटला तर तिनं त्याचा काटा उचलून रस्त्यावर ठेवला. त्यामुळे सगळे धरून चालले की आईला तरी खात्री आहे. मीही धरून चाललो. आईपेक्षा कोण जास्त जाणणार?

आणि मग पिंकीचं लग्न जमलं.

इथं मला कानबाईचं सांगावं लागेल. श्रावणात आम्ही खानदेशातले लोक कानबाई बसवतो. नारळाला नथ घालून देवी मांडायची, रात्रभर गाणी, सोमवारी तापीत विसर्जन. पण त्यात मुख्य ते रोट, देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्या. रोटाचे गहू मोजताना कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ घ्यायची. म्हातारा असो की पाळण्यातला. मेला त्याची मूठ थांबते, दुसऱ्या कुळात दत्तक गेला त्याची थांबते, बाकी जिवंत माणसाची मूठ थांबल्याचं कुणी ऐकलेलं नाही. त्या पिठाचे रोट करायचे आणि ते कुळातल्यांनीच खायचे. तुकडा बाहेर जात नाही, कुत्र्यालासुद्धा घालत नाहीत. कुळातल्या बायका खातात, लग्न न झालेल्या पोरी खातात. पोरगी परणली, म्हणजे लग्न होऊन गेली, की बापाच्या कुळाचे रोट तिला बंद.

धुरपामायच्या घरचे रोट खुनाच्या वर्षापासून थांबले होते. आधी सुतक, मग तुरुंग, मग कुणी विषयच काढला नाही. आता पिंकीचं लग्न दिवाळीनंतर ठरलं, म्हणजे बापाच्या घरी रोट खायचा तिचा हा शेवटचा श्रावण. धुरपामायनं चक्कीवर येऊन जाहीर केलं, यंदा रोट होणार.

लगेच प्रश्न आला, भाऊलालची मूठ घेणार का?

भाऊबंदकीत मोठे दगाआप्पा, तिच्या नवऱ्याचे चुलतभाऊ. ते माझ्यासमोर तिला म्हणाले, "वहिनी, त्यानी मूठ लिन्ही ते आम्ही येणार नही." बारडोलीहून पिंकीचा फोन आला, तो धुरपामायनं माझ्याच मोबाईलवर घेतला, तिच्याकडचा बिघडला होता म्हणून. आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू आलं. पोरगी रडत नव्हती. सरळ सांगत होती, "आजी, त्याच्या नावाचा घास त्या पिठात असेल तर माझ्या घशाखाली जाणार नाही. मी येणार नाही. पुन्हा कधीच येणार नाही." धुरपामाय फक्त "हां बेटा, हां बेटा" म्हणत होती. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "माय, काय करशील?" ती म्हणाली, "दळण देखू दे."

मला मनापासून वाईट वाटत होतं, आणि ते भाऊलालमुळे. मूठ घेतली तर नात गेली. नाही घेतली तर कोर्टानं सोडलेल्याला आईनं धरलं, तेही भर श्रावणात, सगळ्या कुळासमोर. आणि हा गडी, कधी कशाला हात न लावणारा, तो कामाला लागला होता. नारळ त्यानं आणला. पाटाला रंग त्यानं दिला. घराबाहेर दिव्यांची माळ सोडली. नवा पांढरा सदरा शिवून घेतला, पांढरा बरं का, अख्ख्या जन्मात मी त्याच्या अंगावर पांढरं पाहिलं नव्हतं. शुक्रवारी माझ्याकडे आला आणि विचारलं, "सुभाषभाऊ, उद्या रोटाचं दळण कधी घेणार?" आवाजात काय होतं सांगू? लहान पोरं सहलीची वेळ विचारतात ना, तसं. मला त्याच्याकडे बघवेना. म्हटलं, सकाळी ये.

शनिवारी मी चक्की पुसून, हळदकुंकू वाहून तयार ठेवली. रोटाच्या दिवशी दुसरं दळण घेत नाही. बायकांची रांग लागलेली. धुरपामाय आली, बरोबर दगाआप्पा, त्यांचा रोहिदास, आणि मागं भाऊलाल, गव्हाचा डबा डोक्यावर. गहू बहुतेक घरी मोजून आणतात. हिनं मोजले नव्हते. तिनं माझ्या ओट्यावर कोरं फडकं अंथरलं, भाऊलालला डबा उतरवायला सांगितलं आणि खाली बसली. मी म्हटलं, "माय, इथं?"

"तुलेच ईचारतीन सगळा," ती म्हणाली. "देखी ले."

मग तिनं मोजायला घेतलं. दगाआप्पांचं नाव, सव्वा मूठ. रोहिदासचं, सव्वा मूठ. रोहिदासच्या चेतनचं, सव्वा मूठ. बाकीच्या घरांचे, दोन वीर इच्छापोरला असतात ते, एक मुंबईला असतो तो, कुणाची बायको परवाच बाळंत झाली त्या बाळाचं, अजून नाव ठेवलेलं नव्हतं, त्याला "नवा" म्हणून घेतलं. नाव घ्यायची आणि मूठ सोडायची. आवाज नेहमीसारखा दणदणीत. भाऊलाल तिच्या समोर उभा होता, नव्या सदऱ्यात. मुंबईवाल्याचं झालं, नव्याचं झालं. तिचा हात पुन्हा डब्यात गेला. मूठ भरली. मूठ वर आली. ती मूठ किती वेळ तशी होती मला सांगता येणार नाही, मी तिच्या हाताकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, घे गं माय, घे, काय जातंय, एवढं जन्मभर खोटं बोललीस!

तिनं मूठ डब्यातच सोडली.

हात झटकले, फडक्याची चार टोकं धरली आणि माझ्याकडे दिलं. "दळ."

मी भाऊलालकडे पाहिलं. त्याचा चेहरा पडलासुद्धा नाही, हे मला अजून छळतं. धक्का बसलेला माणूस वेगळा दिसतो. त्याला धक्का नव्हता बसला. पीठ झालं तेव्हा सवयीनं त्यानं डब्याकडे हात केला. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे." रोहिदासनं डबा उचलला. ती पुढं, डबा मागं, आणि सगळ्यात शेवटी हा, रिकाम्या हातांनी.

दगाआप्पा म्हणे नंतर चार ठिकाणी बोलले, "आते झाया फैसला." मला ते ऐकून संताप आला. तुमचा काय संबंध फैसल्याशी? फैसला करणारी घरी जाऊन त्याच्यासाठी अंघोळीचं पाणी तापवत होती.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. पिंकीचं लग्न बघितलं आणि होळीच्या आसपास गेली, तापाचं निमित्त झालं. अग्नी भाऊलालनंच दिला. चक्कीवर तिच्यानंतर कुणी पिठाच्या धारेवर नजर लावून बसलं नाही. पण ती माझ्या डोळ्यांपुढं येते ती त्या रविवारचीच.

रोटांचा रविवार होता. मी आणि बायको दर्शनाला गेलो. रोट आम्हाला चालत नाहीत, पण देवीला नारळ फोडायला कुणी अडवत नाही. घरात भाऊबंदकीची पंगत बसली होती. खीर, गंगाफळाची भाजी, रोट. बारडोलीहून आलेली पिंकी मध्ये बसली होती, मोठी झाली होती, मंगलसारखी दिसत होती. दगाआप्पा तिला आग्रह करत होते. सगळे जोरजोरात बोलत होते, आमच्या पंगतीत बोलतात तसं.

धुरपामाय आत नव्हती.

बाहेर, मागच्या खोलीच्या ओट्यावर ती भाऊलालसमोर मांडी घालून बसली होती. मध्ये एक ताट. बाजरीची भाकरी, तुरीचं वरण, ठेचा. रोजचंच जेवण. नवा सदरा त्यानं काढून ठेवला होता. पिंकी पंगतीतून उठली, ताटात रोट घेऊन मागच्या दारापर्यंत आली आणि उंबऱ्याच्या आत थांबली. "आजी, तू ये ना. तू कुळातलीच आहेस. तुला चालतात रोट."

"तू जेव," धुरपामाय म्हणाली. "तुन्हा बापनं घर शे. पोटभर जेव."

पोरगी ताट घेऊन आत गेली. मला राहवलं नाही. मी ओट्याजवळ गेलो आणि हळूच म्हटलं, "माय, त्याचं ठीक आहे. पण तू का बाहेर? तू काय केलंयस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. पिठाच्या धारेकडे बघायची तसं, पापणी न हलवता. मग भाकरी मोडली, मोठा तुकडा त्याच्या बाजूला सरकवला.

"तो एकला जेवी का?" ती म्हणाली, आणि वरणात घास बुडवला.